सरांचा बर्फ

आमच्या बडनेऱ्यात मे महिन्यात रस्त्याचं डांबर चपलेला चिकटून घरात येतं. अशा गावात माझ्या नवऱ्यानं नोकरीची निम्मी वर्षं पोरांना बर्फावरचा खेळ शिकवला, आणि स्वतः बर्फावर कधी पाय ठेवला नव्हता. हे कुणाला सांगितलं की समोरचा आधी हसतो. हसा बापा, मला त्याचं काही वाटत नाही. मी घरात बसून त्यांना जेवढं चिडवलं तेवढं अख्ख्या गावानं चिडवलं नसेल.

ते अमरावतीच्या एका शाळेत खेळाचे शिक्षक होते. गाव त्यांना सर म्हणायचं, आणि लग्नानंतर थोड्याच दिवसांत मीही सरच म्हणू लागले. मी अकोल्याची, जुन्या शहरातली, मोर्णा नदीपलीकडची. आमच्याकडे नवऱ्याला नावानं हाक मारायची रीत नव्हती, आणि 'अहो' म्हटलं की शेजारच्या घरातूनही कुणीतरी ओ द्यायचं. सर बरं होतं.

खेळाचं वेड लागलं ते टीव्हीवरून. फेब्रुवारीतला रविवार होता, मी पलंगावर बसून तुरीची डाळ निवडत होते. पडद्यावर कुठल्यातरी थंड मुलखातली माणसं बर्फावरून एक गोल दगड सरकवत होती, आणि दोघं जण त्या दगडाच्या पुढं पुढं पळत झाडू मारत होते. मी म्हटलं, "अवं माय, झाडू माराचं पदक भेटते काय? मंग तं मले घरी आणून द्यायले पायजे." एरवी अशा बोलण्यावर टाळी देणारा माणूस. त्या दिवशी त्यांनी नुसता हात वर करून मला गप्प केलं. दगडाला कुणी ढकलत नव्हतं तरी तो चाललाच होता, आणि सर श्वास रोखून बघत होते. "पाह्यलं?" एवढंच म्हणाले. काय पाहायचं होतं ते मला कळलं नाही, मी डाळीतले खडे बघत राहिले.

त्याच वर्षी त्यांना कुणीतरी सांगितलं की ह्याच जातीचा आइस स्टॉक नावाचा खेळ आपल्या देशातही खेळतात, राज्याराज्यांचे संघ असतात आणि मोठे सामने पहाडात, बर्फात होतात. खाली जाड तबकडी, वर वाकडा दांडा. दांडा धरून तबकडी सरकवायची आणि समोरच्या ठोकळ्याच्या जितकी जवळ नेता येईल तितकी न्यायची. म्हणजे आमच्या गोट्यांची थोरली बहीणच. बर्फ नसला तर गुळगुळीत फरशीवर सराव चालतो, असंही त्या माणसानं सांगितलं. बस, सरांना तेवढं पुरलं.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक मंगल कार्यालय आहे. लग्न नसलं की मालक किल्ली द्यायचा. त्या फरशीवर सर कॅरमची पावडर शिंपडायचे, डबेच्या डबे, आणि पोरंपोरी त्यावरून तबकडी सरकवायच्या. संध्याकाळी घरी आले की सदरा, मिशा, भुवया सगळं पांढरंफेक. "आले काय हिमालयातून?" मी दारातच विचारायची. "बाहीर झटका ते. घर झाडू झाडू मी मरून राह्यली." ते अंगणात उभे राहून सदरा झटकायचे आणि झटकता झटकता आज कुणाचा हात कसा बसला ते मला सांगत राहायचे. ऐकणारी मी एकटीच, आणि मला त्यातलं काही कळत नसे. तरी मी दारातून हलत नसे.

लोकांना आधी गंमत वाटली. उंटावरून शेळ्या हाकणारा मास्तर, असं म्हणायचे. मग गल्लीतली एक पोरगी पहाडात खेळून आली आणि पुढं खेळाडूंच्या राखीव जागेतून पोलिसात लागली. मग काय विचारता! ज्यांनी जन्मात स्वेटर घातला नव्हता अशा बाया पोरांना दंडाला धरून आणू लागल्या. "सर, आमच्या पोट्ट्याले बी बर्फात टाका." बर्फाशी त्यांना देणंघेणं नव्हतं, नोकरीशी होतं, आणि त्यात वाईट काही नाही. पण बघता बघता खरीच गोडी लागली. सरावाच्या संध्याकाळी कार्यालयाच्या लाल खुर्च्या भिंतीला लावून गल्ली बसायची. रेल्वेतून निवृत्त झालेले म्हातारे, समोरची भाजी-फुलं विकणारी वहिनी, विहारातली मंडळी. "अबे मनगट, मनगट!" "जोर कमी पडला, आता काय कप्पाळ जाते ते?" बर्फ एकानंही पाहिला नव्हता, पण बर्फावर काय करायला पाहिजे हे प्रत्येकाला ठाऊक होतं. टीव्हीवर बर्फाचे खेळ लागले की आमच्या घरात बसायला जागा उरायची नाही, आणि चहा मात्र मीच करायचा.

पोरं दर वर्षी पहाडात जायची. सरांचं जाणं व्हायचं नाही. एका वर्षी दहावीच्या परीक्षेचं काम, एका वर्षी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, एका वर्षी आमच्या पोरीची बारावी. कधी संघात मुली जास्त म्हणून सोबत बाईच पाहिजे. सर बडनेरा स्टेशनवर जाऊन पोरांना गाडीत बसवायचे, हात हलवायचे आणि घरी येऊन खुर्चीत बसायचे. पोरं परत आली की पहिला प्रश्न एकच, "कसं सरकते तिथं?" पोरं म्हणायची, "सर, थांबतच नाही ते! आपल्याले वाटते आता थांबते, तं जातच राह्यते." मग सर घरी येऊन मला सांगायचे, "थांबतच नाही म्हणते वं." हे त्यांनी मला किती वेळा सांगितलं असेल!

एकदा जेवताना म्हणाले, "मले मेडल-बिडल काही नको. एकडाव खऱ्या बर्फावर उभं राहून फेकाचं आहे. एकच डाव. कुठवर जाते ते पाहाचं."

"येवढंच?"

"येवढंच."

लोकांचे नवरे गाडी मागतात, प्लॉट मागतात, निदान जेवणात मटण तरी मागतात. ह्या माणसानं उभ्या संसारात स्वतःसाठी मागितलं ते हे, आणि तेही माझ्या हातात नव्हतं.

माझा धाकटा भाऊ अकोल्यात बर्फाच्या कारखान्याचा टेम्पो चालवतो. लाद्या पोचवतो रसवंत्यांना, मासळीबाजारात, लग्नघरी, आणि उन्हाळ्यात मयताच्या घरी. एका संक्रांतीला आम्ही माहेरी गेलो तेव्हा सरांनी त्याला गाठलं. "भाऊ, अंगणभर लाद्या आणता येतीन काय?" भावाला वाटलं कुणाचं लग्न ठरलं. कारण समजलं तेव्हा तो पोट धरून हसला, पण सकाळी टेम्पो भरून घेऊन आला. थंडीचे दिवस, अंगण सावलीतलं. दोघांनी लाद्या एकीला एक लावून ठेवल्या, फटीत बर्फाचा चुरा भरला, शेजारच्या गवंड्यानं थापीनं सारखं केलं. आजूबाजूच्या गच्च्या माणसांनी भरल्या. सरांनी घरून आणलेली तबकडी पिशवीतून काढली आणि धोतराच्या फडक्यानं पुसली. 

तेवढ्यात गल्लीतले कुल्फीवाले चाचा म्हणाले, "मास्टरसाब, नमक डालो ऊपर से. नमक से बरफ टिकती है." सगळ्यांनी माना डोलावल्या. चाचा जन्मभर कुल्फीच्या डब्याभोवती बर्फ आणि खडेमीठ भरत आलेले, बर्फातलं त्यांच्याइतकं गल्लीत कुणाला कळणार? माझ्याही मनात शंका आली नाही. आईच्या घरातली मिठाची बरणी मीच आणून दिली. दुकानातून आणखी पुडे आले. सर आणि भाऊ दोघांनी मुठी भरभरून पेरणी केल्यासारखं मीठ फेकलं.

मग काय व्हायचं ते झालं. बर्फ कडकड वाजला, त्याला देवीचे वण पडावे तसे खड्डे पडले, वर पाण्याचा राबडा झाला. सरांनी तबकडी सोडली ती हातभर गेली आणि रुतून बसली. पुन्हा सोडली, पुन्हा रुतली. गच्च्यांवरून लोक खो खो हसले, सरही हसले. पोरांनी लाद्यांचे तुकडे उचलून चोखायला घेतले तर खारट लागले, तेव्हा तर हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. दुपारपर्यंत अंगणात नुसता चिखल होता. मी तिळगूळ घेऊन गेले तेव्हा सर पायरीवर बसून ओली तबकडी पुसत होते, कोरडी झाली तरी पुसत होते. मी तिळगूळ त्यांच्या हातावर ठेवला.

बडनेऱ्याला परत आल्यावर त्यांनी शाळेतल्या विज्ञानाच्या मास्तरांना विचारलं आणि मग मला समजावून सांगितलं. मिठानं बर्फ टिकत नाही, उलट लवकर विरघळतो. विरघळताना कुल्फीची उष्णता ओढून घेतो. "कुल्फी जमते काहून, तं बर्फ मरते म्हणून," असं म्हणायचे. हे वाक्य त्यांनी पुढं इतक्यांदा म्हटलं की मी हात जोडायची. "समजलं हो सर. आता सांगा, भाजीत मीठ टाकू का नको?"

शेवटी निवृत्तीच्या आधल्या वर्षी योग जुळून आला. संघाबरोबर सरांनाच जायचं ठरलं. पोरगी बंगळूरला नोकरीला आहे, तिनं तिकडून जाड जाकीट पाठवलं. सर ते घालून गल्लीत फिरून आले, घामानं निथळत. स्टेशनवर निम्मी गल्ली पोचवायला आली होती. भाजीवाल्या वहिनीनं त्यांच्या गळ्यात झेंडूचा हार घातला आणि म्हणाली, "सर, आमच्या नावानं बी एक फेका." गाडी हलली तेव्हा सर दारात उभे होते, आणि इतकं पोरासारखं तोंड मी त्यांचं लग्नातही पाहिलं नव्हतं.

आणि त्या वर्षी तिथं बर्फ पडलाच नाही.

पहिल्या दिवशी फोन आला, "अजून पडला नाही, पडन." दुसऱ्या दिवशीही तेच. मग आमच्या गल्लीची जी अवस्था झाली ती मृगानं दडी मारली तरच होते. दूध घ्यायला गेले तर दूधवाला, "पडला काय वं वहिनी?" विहारात गेले तर तेच. रेल्वेतले म्हातारे मोबाइलवर पहाडातलं हवामान बघू लागले. "आज ढग दाखवून राह्यले," असं एकानं मला रस्त्यात थांबवून सांगितलं. भाजीवाल्या वहिनीनं तर गणपतीला बर्फासाठी नारळ बोलला. पावसासाठी बोललेले नारळ मी पुष्कळ पाहिलेत, बर्फासाठी बोललेला तो एकच. मी स्वतः नवस-सायास काही करत नाही, आमच्या घरात ते नाही. पण सकाळी उठले की आधी फोन हातात घ्यायची. मला तेव्हा बर्फाचा राग राग आला. जगभर फुकट पडतो मेला, आमच्या माणसाच्या वेळेलाच काय झालं त्याला?

सामने पुढं ढकलले. सगळे परत आले. सरांनी अक्रोड आणले होते. मी पाय धुवायला पाणी दिलं, ताट वाढलं. जेवून झाल्यावर आपणहून म्हणाले, "मातीच होती वं तिथं. आपल्यासारखीच माती. वाळलं गवत, अन् थंडी मात्र हाडं फोडाची." मग म्हणाले, "पोट्टे रडले." आठवडाभरानं तिकडं बर्फ पडला. कुणीतरी मोबाइलवर पाठवलं, पांढरं मैदान, त्यावर भुरभुर चालूच. वरातीमागून घोडं! ते चित्र सर दिवसभर उघडत होते, बंद करत होते. मी मोबाइल हातातून काढून घेतला आणि म्हटलं, "पुढच्या थंडीत आपुन दोघंच जाऊ. सामना नाही का काही नाही. तुमी फेकजा, मी पाहीन."

"तू येशीन?"

"न येऊन जाते कुठी? तुमाले एकट्याले पाठवलं की बर्फ रुसते."

ते असे हसले की मला त्यांच्या त्या हसण्यासाठी आणखी दहा पहाड चढावेसे वाटले. निवृत्त झाले, आमची तयारी सुरू झाली. मी स्वतःसाठी लोकरीचे पायमोजे विणायला घेतले, उन्हाळ्यात मांडीवर लोकर घेऊन बसले की अंगाला नुसती आग. एक पायमोजा झाला होता.

मे महिन्यात अमरावतीच्या एका दुकानदारानं, त्यांच्याच जुन्या विद्यार्थ्यानं, सांगितलं की मागच्या थंडीतले जाड हातमोजे उरलेत, सर, तुमच्यासाठी काढून ठेवलेत. मी म्हटलं, संध्याकाळी जा, ऊन उतरू द्या. तर हा माणूस मी आंघोळीला गेल्यावर भर दुपारी स्कूटर काढून गेला. डोक्याला दुपट्टासुद्धा नाही. राग येतो तो ह्याचाच, अजूनही येतो. कडाडत्या उन्हात कुणी हातमोजे आणायला जातं का? परत आले ते लालबुंद होऊन. घटाघटा पाणी प्यायले, पिशवी खुंटीला लावली आणि म्हणाले, "गरगरून राह्यलं वं." अंगाला हात लावला तर तवा. दवाखान्यात नेलं, ओल्या चादरी घातल्या, सलाइन लावलं. पहाटे डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी मान हलवली.

घरी आणलं तेव्हा सकाळीच उन्हाचा चटका सुरू झाला होता. पोरगी बंगळूरहून निघाली होती, दुपारचं विमान, मग नागपूरहून गाडी. दिवस मावळल्याशिवाय पोचणार नव्हती. बापाचं तोंड तिला दिसलं पाहिजे, एवढंच माझ्या डोक्यात होतं. फ्रीजरची पेटी मिळेना, त्या आठवड्यात उन्हानं माणसं पटापट जात होती. अमरावतीत बर्फ मिळाला असता, पण अकोल्याहून भावाचा फोन आला, "बाई, बर्फाचं दुसऱ्या कोणाले सांगू नको. मीच आणतो."

तो टेम्पो घेऊन आला, पोत्यांखाली, भुशात झाकलेल्या लाद्या. जुन्या विद्यार्थ्यांनी उतरवून घेतल्या. ती पोलिसातली पोरगी वर्दीवरच आली होती, तिनंही एक लादी धरली. मंगल कार्यालयाच्या मालकानं न विचारता दार उघडून दिलं होतं, घरात एवढी माणसं मावत नव्हती. त्याच फरशीवर लाद्या एकीला एक लावून ठेवल्या, फटीत चुरा भरला, वर चादर घातली आणि सरांना त्यावर निजवलं. अंगावर पांढरं वस्त्र. बौद्धाचार्यांनी वंदना म्हटली. गल्ली त्याच लाल खुर्च्यांवर बसली होती.

मी भिंतीला टेकून बसले होते. पहाटेपासून माझ्या डोळ्याला पाणी नव्हतं, बाया मला रडवायला बघत होत्या तरी येत नव्हतं. मी फक्त लाद्या बघत होते. दुपार चढली तसं कडांनी पाणी सुटायला लागलं, फरशीवरून एक ओघळ दाराकडे चालला. पोरगी तेव्हा कुठं विमानात बसली होती.

भाजीवाली वहिनी लगबगीनं उठून गेली आणि घरून खडेमिठाची पिशवी घेऊन आली. बिचारीचा जीव तुटत होता. "मीठ टाका वं माय वरून," ती म्हणाली, "बर्फ टिकते. पोरगी येईपर्यंत टिकन." तिनं मूठ भरलीही.

"नको!" मी ओरडले. सगळं कार्यालय दचकलं. मी उठून तिचा हात धरला. "मीठ नका टाकू! मिठानं बर्फ मरते. सरानं सांगतलं मले." मुठीतलं मीठ तिच्या पदरात पडलं. माझा भाऊ दाराशी उभा होता, तो तोंडाला रुमाल लावून खाली बसला.

मग आम्ही भुसा लावला, वर पोती घातली, दारंखिडक्या बंद केल्या, जमलेल्या बाया आळीपाळीनं पदरानं वारा घालत राहिल्या. भाऊ उठून अमरावतीतून आणखी चार लाद्या आणायला गेला. मी लाद्यांपाशीच बसून राहिले. कुणी पोत्याला हात लावला की मी त्याचा हात बाजूला करायची.

दिवस मावळता मावळता पोरगी आली. बर्फ होता. ती धावत येऊन त्यांच्या पायाशी बसली, पायांना हात लावला आणि एकदम मागे घेतला. "आई, बाबा किती थंडे झाले वं," म्हणाली.

मी तिचा हात पुन्हा तिथं नेऊन ठेवला. म्हटलं, "बर्फावर आहेत बाई." आणि मग मला रडू आलं, ते काही केल्या थांबेना.